झोपेतून कापलेले शिक्षण

ट्रॉम्बे म्हटले की वाचकांना आठवते ती अणुभट्टी. ४ ऑगस्ट १९५६ रोजी 'अप्सरा' सुरू झाली आणि पुढच्याच वर्षी, १९५७ मध्ये, डॉ. होमी भाभांच्या पुढाकाराने तेथे प्रशिक्षणशाळा निघाली. पदवीधर तरुण निवडायचे, त्यांना विद्यावेतन देऊन शिकवायचे आणि मगच कामाला लावायचे, अशी ती योजना. शिकणे हेही कामच आहे आणि त्याचे पैसे मिळाले पाहिजेत, हे तत्त्व आपल्या देशात इतक्या स्वच्छपणे फार थोड्या ठिकाणी अमलात आले असेल.

कारागिरांचा विचार झालाच नाही, असे नाही. १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्याने कारखान्यांवर बंधन घातले आणि आयटीआयमधून आलेली मुले या पट्ट्यात काम शिकली. पण हे सारे नोकरीच्या उंबरठ्यापर्यंतचे. उंबरठा ओलांडल्यावर फिटर, वेल्डर किंवा ऑपरेटर तीसएक वर्षे त्याच कारखान्यात काढतो. या तीस वर्षांत यंत्र दोनदा-तीनदा बदलते. माणसाने कधी आणि कोणाच्या वेळात बदलायचे?

"आम्ही वर्ग काढतो, पण कामगारच येत नाहीत," हे वाक्य व्यवस्थापनांच्या तोंडी इतके रुळले आहे की त्याची कोणी उलटतपासणी करत नाही. ती करण्यासाठी पाळ्यांचा तक्ता भिंतीवरून काढून समोर ठेवावा. तेलशुद्धीकरण, खत, वीज हे उद्योग चोवीस तास चालणारे. पहिल्या पाळीचा माणूस दुपारी सुटतो, तो संध्याकाळच्या वर्गाला जाऊ शकतो. दुसऱ्या पाळीच्या आठवड्यात वर्गाच्या वेळी तो कामावर असतो. रात्रपाळीच्या आठवड्यात वर्गाला गेलाच, तर तेथून तसाच कामावर जाणार, म्हणजे झोपेचे खोबरे. तीन आठवड्यांतून एक आठवडा हजर राहणारा विद्यार्थी कोणत्या परीक्षेत पास होईल? तरीही नोकरी सांभाळून एएमआयई करणारे पदविकाधारक मुंबईत शेकड्यांनी निघाले, हे या शहराचे वैभव. पण त्या परीक्षेला पदवीच्या तोडीची मानण्याची सोयही जून २०१३ पासूनच्या नव्या नोंदणीसाठी बंद झाली. एक जिना होता, तोही काढून घेतला.

दुसरे कारण अवघड आहे आणि ते उघडपणे कोणी बोलत नाही. कामगाराला शिक्षणाची भीती वाटते. नियंत्रणकक्षात पूर्वी हवेच्या दाबावर चालणारी उपकरणे असत. कोणता काटा खोटे बोलतो आणि कोणती झडप अडकते, हे जुन्या ऑपरेटरला हाताच्या सवयीने कळे. मग संगणकाचे पडदे आले. ते शिकवण्यासाठी वर्ग भरले आणि त्याच सुमारास पॅनेलवरची माणसेही कमी होऊ लागली. नव्वदच्या दशकात कुर्ला, भांडुप, विक्रोळीपासून ठाण्यापर्यंत स्वेच्छानिवृत्तीची लाट आली, तेव्हा 'मल्टिस्किलिंग' हा शब्द करारांतून फिरू लागला. फिटरने थोडे वेल्डिंगही शिकावे, यात वाईट काही नाही. पण दोघांचे काम एकाने शिकायचे आणि दुसऱ्याने घरी जायचे, असा त्याचा अर्थ निघाला, तर कोण आनंदाने वही-पेन घेऊन बसेल? कामगार आळशी नाही, तो हिशेबी आहे. शिकल्याने श्रेणी वाढते, निदान नोकरी टिकते, याची लेखी हमी त्याला हवी असते.

या शहरात यावर विचार झालाच नव्हता, असेही नाही. देशातले पहिले श्रमिक विद्यापीठ १९६७ साली मुंबईत, वरळीला सुरू झाले. कामगाराला काय हवे ते आधी विचारायचे, मग अभ्यासक्रम बेतायचा. धंद्याचे कौशल्य, त्यामागचे शास्त्र आणि नागरिक म्हणून लागणारी माहिती एकत्र शिकवायची. कल्पना काळाच्या पुढे होती. २००० साली श्रमिक विद्यापीठांची जन शिक्षण संस्थाने झाली आणि त्यांचा भर नवसाक्षरांकडे व शाळा सुटलेल्यांकडे वळला. त्यांना ते हवेच होते. मात्र कारखान्यातल्या जाणत्या कामगाराच्या पुढच्या शिक्षणाची जागा रिकामी झाली, ती रिकामीच राहिली.

आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने १९७४ मध्ये पगारी शैक्षणिक रजेचा करार क्रमांक १४० संमत केला. कामाच्या वेळात, पगार न कापता शिकण्यासाठी रजा, एवढेच त्यात आहे. भारताने त्याला मान्यता दिलेली नाही. आपल्या कायद्याने मात्र एकदा बरेच पुढचे पाऊल टाकले होते. त्यासाठी १९८४ चे भोपाळ घडावे लागले. तिथे माणसे कमी केली होती आणि प्रशिक्षणाचा काळही आखडला होता, हे नंतर बाहेर आले. (त्याच कंपनीचा एक कारखाना ट्रॉम्बेतही होता, हे आज किती जणांच्या लक्षात आहे?) १९८७ साली फॅक्टरी कायद्यात १११-अ हे कलम घातले गेले. आरोग्य आणि सुरक्षिततेचे प्रशिक्षण शक्य तेथे कारखान्यातच मिळावे, नाहीतर मालकाने प्रशिक्षणसंस्थेत पाठवावे, हा कामगाराचा हक्क ठरला. आता त्या कायद्याची जागा नव्या संहितेने घेतली आहे. पण हक्क हा शब्द त्या कलमात होता, हे युनियनांनी तरी विसरू नये.

या हक्कापासून सर्वांत दूर आहे तो ठेकेदाराचा माणूस. शटडाऊनच्या दिवसांत टाकीत उतरणारा, परातीवर चढून पाइप जोडणारा तोच असतो. गेटपासापूर्वी त्याला सुरक्षिततेवर चार गोष्टी ऐकवल्या जातात, एका कागदावर सही घेतली जाते. या महिन्यात तो एका कंपनीत, पुढच्या महिन्यात रस्त्यापलीकडच्या. तेथे पुन्हा त्याच चार गोष्टी आणि नवा कागद. वीस वर्षे काम करूनही त्याच्याजवळ स्वतःच्या नावाची प्रशिक्षणाची नोंद नसेल, तर नवखा आणि मुरलेला यांच्यात गेटवर फरक तो काय? या पट्ट्यातल्या सर्व कारखान्यांनी मिळून अशा माणसाचे एक पुस्तक ठेवले, जे ठेकेदाराच्या नव्हे तर त्याच्या स्वतःच्या खिशात राहील, तर कोणाचे काय बिघडते?

आमच्या युनियनांकडेही बोट दाखवावे लागेल. महागाई भत्ता आणि बोनस यांवर रात्र-रात्र वाटाघाटी होतात. शिक्षण हा विषय निघालाच, तर व्यवस्थापनाने पुढे केलेल्या कागदावर सही करण्यापुरता. काय शिकवायचे, कोणाला आधी पाठवायचे, शिकून आल्यावर श्रेणीत काय फरक पडेल, या तीन प्रश्नांवर कामगारांचा प्रतिनिधी समोर बसलेला नसेल, तर 'सहभाग' म्हणजे हजेरीपटावरची सही.

पाळ्यांचा प्रश्न सुटणारा आहे. तोच वर्ग एकाच दिवशी सकाळी आणि दुपारी असा दोनदा घ्यावा, आणि तो पाळीच्या आत धरावा. रात्रपाळीच्या आठवड्यात त्या माणसाला वर्गाला बोलावूच नये. खर्च येतो तो शिक्षकाच्या दुहेरी तासांचा आणि बदली माणसाच्या दोन तासांच्या पगाराचा. पुढच्या वेतनकराराच्या मसुद्यात बोनसच्या शेजारी हे एक कलम टाइप करून ठेवावे आणि समोरचे काय म्हणतात ते पाहावे.