उच्च उत्पन्न गटातील भाडेकरू

रिझर्व्ह बँकेने २०२५ च्या फेब्रुवारीपासून जूनपर्यंत आपला रेपो दर तीन वेळा मिळून एक टक्क्याने उतरविला, आणि मुंबई-पुण्याच्या मध्यमवर्गीय घरांतून एक जुना हिशेब नव्याने मांडला जाऊ लागला. रात्रीची जेवणे आटोपली की नवरा-बायको कागद घेऊन बसतात आणि हप्ता किती बसेल याची आकडेमोड सुरू होते. आमच्या मते हा हिशेब बहुधा उलट्या टोकाने मांडला जातो. पगार एवढा, तेव्हा कर्ज किती मिळेल, असे विचारण्याची रीत आहे. वास्तविक घर एवढ्याचे, तर त्यासाठी पगार किती लागेल, हे आधी विचारावयास हवे. तसे विचारले म्हणजे जे उत्तर येते ते त्या एका कुटुंबापुरते राहत नाही. ह्या राज्यात मध्यमवर्ग म्हणजे कोण, याविषयीची सरकारी समजूतच त्यातून उघडी पडते.

मुंबईच्या उपनगरातील ७५ लाख रुपयांचे तयार घर घेऊ. एवढ्या पैशात ऐसपैस जागा मिळत नाही हे आम्हांस ठाऊक आहे. हिशेबास सोयीचा म्हणून हा आकडा. ३० लाखांहून अधिक आणि ७५ लाखांपर्यंतचे कर्ज घराच्या किमतीच्या ८० टक्क्यांहून जास्त देऊ नये, असा रिझर्व्ह बँकेचा दंडक आहे. म्हणजे कर्ज ६० लाख, आणि पदरचे १५ लाख. पण एवढ्याने भागत नाही. मुंबईत मुद्रांक शुल्क सहा टक्के, म्हणजे साडेचार लाख. नोंदणी फी ३० हजार. घर १० लाखांहून अधिक किमतीचे असेल तर ही रक्कम किमतीत धरून तिच्यावर कर्ज देण्यास बँकांना मज्जाव आहे. (घर स्त्रीच्या एकटीच्या नावे घेतल्यास शुल्कात एक टक्का सूट मिळते, येथे पाऊण लाख वाचतात; तरीही पुष्कळ घरांत ही गोष्ट सुचत नाही, की सुचून मागे पडते, देव जाणे.) पगाराचा प्रश्न निघण्यापूर्वीच अशा रीतीने १९ लाख ८० हजार रुपये रोख शिलकीत असावयास हवेत. दलाली, बँकेचे प्रक्रिया शुल्क आणि सामान हलविण्याचा खर्च निराळा.

आता हप्ता. दर बदलते असल्यामुळे हिशेबापुरता साडेआठ टक्के धरू. वीस वर्षांच्या मुदतीस लाखामागे महिना ८६८ रुपये पडतात. ६० लाखांस सुमारे ५२,०६९. कर्जदाराच्या डोक्यावरील सर्व हप्ते मिळून हाती येणाऱ्या उत्पन्नाच्या निम्म्याच्या आसपास असावेत, असा बँकांचा सर्वसाधारण प्रघात आहे. कोणी चाळीस टक्क्यांवर थांबते, कोणी मोठा पगार पाहून साठापर्यंत जाते. निम्मे धरले तर दरमहा १,०४,१३८ रुपये हाती यावयास हवेत. चाळीस टक्के धरले तर १,३०,१७३. त्यात आधीचा मोटारीचा ८,००० रुपयांचा हप्ता चालू असेल तर निम्म्याच्या हिशेबाने आणखी १६,००० रुपयांचा पगार लागेल. पगार तेवढाच असेल तर कर्जातून सव्वानऊ लाखांच्या जवळपास रक्कम कापली जाईल. दारात उभ्या असलेल्या मोटारीने घराची एक खोली खाल्ली, असे म्हणावयास हरकत नाही.

वयाचाही यात मोठा भाग आहे. बँक साधारणतः नोकरदाराच्या निवृत्तीपर्यंतची मुदत देते. तिशीतल्या गृहस्थास तीस वर्षे मिळाली तर हप्ता ४६,१३५ बसतो आणि ९२ हजारांचा पगार पुरतो. पंचेचाळिशीतल्यास पंधराच वर्षे मिळतात; त्याचा हप्ता ५९,०८४ आणि त्यास पगार हवा १ लाख १८ हजार. मात्र तिशीतल्याने फार हुरळून जाऊ नये. तीस वर्षांत तो १ कोटी ६ लाख रुपये व्याज भरील; वीस वर्षांत फेडता तर ६५ लाख भरावे लागते. महिन्याच्या सहा हजारांच्या सवलतीसाठी ४१ लाख. शाळेच्या अंकगणितात चक्रवाढ व्याजाचा धडा असतो. तो परीक्षेपुरता शिकण्याचा परिणाम पुढे असा दिसतो.

हा पगार म्हणजे तरी कोणता? प्रॉव्हिडंट फंड आणि प्राप्तिकर वजा जाऊन बँकेच्या खात्यात जमा होतो तो. बोनस आणि कामगिरीवर अवलंबून असलेली रक्कम बँक पूर्ण धरीत नाही. व्यावसायिकाने दोन-तीन वर्षांची विवरणपत्रे दाखवावयाची. कर वाचविण्यासाठी ज्याने उत्पन्न कमी दाखविले त्याची चतुराई ह्या टेबलापाशी त्याच्याच अंगावर येते. त्याबद्दल आम्हांस फारशी सहानुभूती नाही. परंतु घरी शिकवणी घेणारी, डबे करून देणारी, किंवा अकरा-अकरा महिन्यांच्या नेमणुकीवर वर्षानुवर्षे काढणारी बाई संसारास जो हातभार लावते, तोही ह्या हिशेबात बहुधा शून्यच मोजला जातो, आणि ही गोष्ट निराळी आहे.

राज्य सरकारच्या कोष्टकाकडे आता वळू. २०२२ मध्ये ठरविलेल्या उत्पन्न मर्यादांनुसार मुंबई महानगर प्रदेशात म्हाडाच्या दृष्टीने कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न ६ लाखांपर्यंत असेल तर ते अत्यल्प, ९ लाखांपर्यंत अल्प, १२ लाखांपर्यंत मध्यम, आणि त्यापुढे उच्च. आमच्या उदाहरणातील कुटुंबाच्या हाती वर्षाला साडेबारा लाख येतात. म्हणजे सरकारदरबारी ते उच्च उत्पन्न गटातले. आणि हे उच्च उत्पन्न एका ७५ लाखांच्या घराच्या कर्जास कसेबसे पुरते, तेही वीस लाखांची शिल्लक गाठीशी असली तर! मध्यम गटातील कुटुंबास तेवढेही साधत नाही. केंद्राच्या प्रधानमंत्री आवास योजनेच्या २०२४ मधील दुसऱ्या टप्प्यात व्याजाची सवलत आहे. परंतु ती ९ लाखांपर्यंतच्या उत्पन्नास आणि ३५ लाखांपर्यंतच्या घरास. मुंबई शहरात ३५ लाखांचे घर शोधावयास निघालेल्यास आम्ही शुभेच्छा देतो.

बँकेची पात्रता आणि कुटुंबाची ऐपत ह्या दोन भिन्न गोष्टी आहेत, याचा सर्वांत कठोर प्रत्यय २०२२ साली आला. रेपो दर त्या वर्षी मे महिन्यात चार टक्के होता. फेब्रुवारी २०२३ पर्यंत तो साडेसहा झाला, आणि २०१९ च्या ऑक्टोबरपासून बँकांची नवी बदलत्या दराची गृहकर्जे बाह्य दराशी जोडलेली असल्यामुळे ती वाढ थेट कर्जदारावर आली. सात टक्क्यांनी ६० लाख घेणाऱ्याचा वीस वर्षांचा हप्ता ४६,५१८ होता. दर साडेनऊ झाल्यावर ६० लाखांचे महिन्याचे नुसते व्याजच ४७,५०० होते. ज्यांनी नुकतेच कर्ज उचलले होते त्यांच्यापैकी कित्येकांचा हप्ता तसाच ठेवून मुदत लांबविली गेली. हप्ता नियमित जात होता आणि मुद्दल जागचे हलत नव्हते. तोच हप्ता मुदत न वाढविता बसविला असता तर ५५,९२८ झाला असता. म्हणजे ९३ हजारांच्या पगारावर पात्र ठरलेल्यास वर्षाच्या आत १ लाख १२ हजारांचा पगार हवा होता. तेवढी पगारवाढ कोणास मिळाली?

ऑगस्ट २०२३ मध्ये रिझर्व्ह बँकेने हप्ता वाढवावयाचा की मुदत, की स्थिर दराकडे वळावयाचे, ही निवड कर्जदारास द्यावी आणि मुद्दल उलट वाढत जाईल अशी मुदतवाढ देऊ नये, असे बजावले. १ ऑक्टोबर २०२४ पासून प्रत्येक किरकोळ कर्जासोबत मुख्य तथ्यांचे एक पत्रकही द्यावे लागते. ही पावले योग्यच होती. परंतु त्या पत्रकात दर पाव टक्क्याने बदलल्यास हप्ता किती बदलेल, एवढेच सांगावयाचे असते. २०२२-२३ मध्ये वाढ झाली ती याच्या दसपट. आमची मागणी अशी आहे की, दर अडीच टक्क्यांनी वाढल्यास होणारा हप्ता आणि त्यासाठी लागणारा पगार हे दोन आकडे त्याच पत्रकावर ठळक अक्षरांत छापले जावेत, आणि कर्जदाराची सही त्या आकड्यांखाली घेतली जावी. राज्य सरकारने आपल्या परीने म्हाडाच्या उत्पन्न गटांची मर्यादा घराच्या किमतीशी जोडून दर वर्षी जाहीर करावी. त्यास कोणत्याही आयोगाची आवश्यकता नाही. वर केलेला हिशेब मंत्रालयातील एखादा कारकून दुपारच्या चहापूर्वी करून देईल.