तांबरम : आधी लोकल, मग कॉलेज

मद्रास बीच ते तांबरम ही सुमारे २९ किलोमीटरची विजेची लोकल १९३१ साली सुरू झाली. मद्रास ख्रिश्चन कॉलेज तेव्हा जॉर्ज टाउनच्या गजबजाटात, हायकोर्टासमोर होते. ते तांबरमला हलले १९३७ साली. त्यामुळे ‘कॉलेजसाठी लोकल आणली’ हे गेल्या अंकातील पत्रातले विधान कालक्रमाला धरून नाही. शिवाय नव्या आवारात सेलैयूर, सेंट थॉमस आणि बिशप हेबर ही वसतिगृहे उभी राहिली. म्हणजे विद्यार्थ्यांनी तिथेच राहावे, हीच मूळ कल्पना होती. रोज लोकलने ये-जा करणाऱ्यांच्या भरवशावर हे कॉलेज वसवले गेले, असे म्हणणे त्याच्या घडणीवरच अन्याय करणारे आहे.

त्याच पत्रातली मुंबईशी केलेली तुलनाही अर्धीच खरी. दोन्हीकडे सुरुवातीला १५०० व्होल्टचा डीसी प्रवाह होता हे बरोबर. पण मुंबईची लोकल १९२५पासून ब्रॉडगेजवर धावली, तांबरमची मीटरगेजवर. डबे अरुंद, गर्दी तीच. मद्रासमध्ये १९६०च्या दशकात २५ हजार व्होल्टचा एसी प्रवाह आला. मीटरगेज लोकल मात्र २००४ साली बंद झाली.