निकाहाच्या आदल्या दिवशी

चर्चमधल्या लग्नांत बऱ्याच ठिकाणी आदल्या दिवशी रिहर्सल होते. नवरी कुठून चालत येणार, साक्षीदार कुठे उभे राहणार, सगळं एकदा करून बघतात. गोव्यात आणि आपल्या मालवणातल्या ख्रिस्ती शेजाऱ्यांकडे ज्यांनी लग्नाचे फोटो काढलेत त्यांना त्याचा फायदा ठाऊक आहे. निकाहाची मात्र रिहर्सल नसते. इजाब-कबूल काही गमतीत म्हणून बघायची गोष्ट नाही. त्यामुळे आदल्या दिवशी फोटोवाल्यानेच जाऊन यायचं, नि मनातल्या मनात सगळं घडवून बघायचं.

आम्ही नवरा-बायको मिळून हे काम करतो. एक मर्दान्यात, दुसरी जनान्यात. हौस म्हणून नव्हे, त्यावाचून चालतच नाही. मशिदीत खुतबा सुरू व्हायच्या आधी वकील आणि दोन गवाह नवरीकडे जातात, मेहर सांगून तिची मंजुरी विचारतात, सही घेतात. सगळं दोन-तीन मिनिटांत आटोपतं. कॅमेरा घेऊन मशिदीत नवरदेवाचा सेहरा नीट करणाऱ्याला हे दिसतच नाही. मग अल्बममध्ये नवऱ्याचे कबूल म्हणतानाचे वीस फोटो असतात, आणि नवरीने कबूल केल्याचा एकही नसतो. आमच्या मते तो फोटो आधी, बाकीचे नंतर.

गेल्या मे महिन्यात देवगडकडच्या एका घरी आदल्या दिवशी गेलो. नवरीचे अब्बा आखातात, सुट्टी मिळाली नव्हती. त्यांनी आपल्या धाकट्या भावाला वकील नेमलं होतं. फोनवर बोलणं झालं तेव्हा म्हणाले, "मंडप, जेवणं नाय दाखवलात तरी चालेल. ती सही करताना तिचा हात काढा." तिथेच आम्ही खोली बघून घेतली. एकच खिडकी, पश्चिमेची, आणि पलंग बरोबर तिच्यासमोर, म्हणजे नवरीच्या पाठीमागून उजेड. अम्मीला विचारून पलंग आडवा सरकवला, खिडकी नवरीच्या बाजूला आणली. वकील दारातून येऊन उजवीकडे उभे राहतील, गवाह त्यांच्यामागे, हे चाचांना दाखवून ठेवलं. दुसऱ्या दिवशी त्या खोलीत पंचवीस बायका होत्या, पलंग सरकवायला जागा कुठली?

उजेडाचं गणित आपल्या किनाऱ्यावर वेगळं आहे. मेच्या पहिल्या आठवड्यात मालवणला सूर्य दुपारी साडेबाराच्या सुमारास अगदी डोक्यावर येतो, माणसाची सावली पायाखाली जाते. जोहरनंतर लगेच अंगणात फोटो काढले तर टोपीखाली डोळे काळे आणि नाक पांढरंफेक दिसतं. कोकणी मुसलमान शाफई असल्याने असरची वेळ सावली माणसाएवढी झाली की सुरू होते, म्हणजे त्या दिवसांत पावणेचारच्या आसपास. सूर्य तेव्हा निम्मा उतरलेला असतो. तिथून सातच्या सुमारास मगरिब होईपर्यंतचा उजेड सोन्यासारखा. घरच्यांना निकाह असरनंतर ठेवता येत असेल तर जरूर सुचवावं, पण आग्रह धरू नये. बिर्याणीची वेळ फोटोवाल्याच्या हातात नसते.

भाड्याच्या मांडवाचं कापड लाल की हिरवं हेही आदल्या दिवशी बघून या. खालच्या सगळ्यांच्या चेहऱ्यावर तोच रंग उतरतो, आणि हिरव्या कापडाखालची नवरी आजारी दिसते. खुर्च्या दोन हात बाहेरच्या बाजूला ओढल्या तरी बराच फरक पडतो. एसी गाडीतून कॅमेरा काढला की दमट हवेत काचेवर वाफ धरते. तेव्हा अर्धा तास आधी पोचावं आणि तोवर कॅमेरा बॅगेतच राहू द्यावा. मशिदीत फ्लॅश नको. आयएसओ १६०० ते ३२०० ठेवून काम भागतं, फोटोत थोडे दाणे आले तर येऊ देत.

मशिदीत फोटो काढायचे तर मौलानांना आणि जमातीच्या लोकांना आधी विचारायचं. काहींना चालतं, काहींना नाही, आणि नाही म्हटलं की तिथे वाद घालायचा नसतो. निकाहाच्या दिवशी सगळ्यांसमोर विचारलं तर त्यांनाही संकोच, आपल्यालाही.

जनान्यात याहून जास्त विचारावं लागतं. कुठल्या आपाला फोटो नको, कुठल्या खालाला चालतो पण फोनवर फिरलेला चालत नाही, हे मेहंदीच्या रात्री बसल्या बसल्या कळतं. ज्यांना नको त्यांना खोलीची एक बाजू ठरवून द्यायची आणि त्या बाजूला कॅमेरा वळवायचाच नाही. एक नानी आम्हाला म्हणाल्या, "माझा काढ, पण मला दाखव आणि मग नातीलाच दे." तसंच केलं. पाहुण्यांच्या फोनचं काय, हा प्रश्न राहतोच. त्यावर घरातल्या मोठ्या बाईने आधीच सांगून ठेवलं तर ऐकतात, फोटोवालीने सांगितलं तर नाही.

एक शेवटची चौकशी: छुहारे उधळणार की पाकिटातून वाटणार? उधळणार असतील तर दुआ संपायच्या आधीच कोपऱ्यात खाली बसून घ्या. पोरं तुमच्यासाठी थांबणार नाहीत.