केनशिन मेला की जगला? २० वर्षं उलटली तरी ॲनिमे फॅन्सचं हे भांडण का मिटत नाही

चेरीची फुलं गळतायत. लाल केसांचा, थकून गेलेला एक माणूस एका बाईच्या मांडीवर डोकं ठेवून पडलाय. त्याच्या डाव्या गालावर फुलीच्या आकाराचा तलवारीचा जुना व्रण असायचा. ती त्याच्या गालावरून हात फिरवते, तर तो व्रण तिथे नसतोच.

ॲनिमे बघत असाल, तर हा सीन कधी ना कधी तुमच्या फीडवर आलेला असणार. 'सामुराई एक्स' किंवा 'रुरौनी केनशिन' असं नाव, मागे उदास म्युझिक आणि खाली हमखास दोन प्रकारची माणसं. एक गट म्हणतो की ॲनिमेच्या इतिहासात यापेक्षा सुंदर शेवट झालेला नाही. दुसरा गट म्हणतो की आम्ही हा शेवट मानतच नाही, आमच्यासाठी हे घडलेलंच नाही.

गंमत म्हणजे दोन्ही गट केनशिनचे कट्टर फॅन आहेत. मग भांडण नेमकं कशावरून आहे? (इथून पुढे स्पॉइलरच स्पॉइलर आहेत, आधीच सांगितलेलं बरं.)

आधी मूळ गोष्ट काय आहे ते बघू

नोबुहिरो वात्सुकी यांचा 'रुरौनी केनशिन' हा मांगा 'वीकली शोनेन जंप' या साप्ताहिकात १९९४ ते १९९९ या काळात आला. एकूण २८ खंड झाले. काळ आहे १८७८ चा, म्हणजे जपानमध्ये सामुराईंची सद्दी संपून मेइजी सरकार आलं, त्यानंतरचा. हिमुरा केनशिन हा क्रांतीच्या धामधुमीत नव्या राजवटीसाठी माणसं कापणारा मारेकरी होता. 'हितोकिरी बट्टोसाई' हे नाव ऐकलं तरी लोकांची गाळण उडायची. क्रांती झाली, याच्या बाजूचे लोक सत्तेत गेले. हा मात्र सगळं सोडून भटकायला लागला. यापुढे एकही जीव घ्यायचा नाही, अशी शपथ घेतली आणि हातात धरली उलट्या धारेची तलवार. तिची धार वापरणाऱ्याच्या बाजूला असते, त्यामुळे समोरच्याला मार बसतो पण तो मरत नाही. जपानीत तिला 'साकाबातो' म्हणतात.

या पात्रामागे एक खरा माणूस आहे. कावाकामी गेन्साई नावाचा मारेकरी, ज्याने १८६४ मध्ये साकुमा शोझान या विचारवंताचा खून केला. पुढे मेइजी सरकारनेच त्याला मृत्युदंड दिला. म्हणजे इतिहासात या गोष्टीचा शेवट गोड नव्हता. वात्सुकींनी तो गोड केला. मांगाच्या शेवटी केनशिन आणि काओरूचं लग्न झालेलं आहे, त्यांना केंजी नावाचा छोटा मुलगा आहे आणि केनशिन आपली तलवार याहिको या तरुण शिष्यासारख्या पोराच्या हाती सोपवून मोकळा होतो. नंतर आलेल्या एका छोट्या रंगीत पुरवणी कथेत तर जुनी मंडळी पुन्हा भेटतात आणि निमित्त असतं चेरीची फुलं बघायला जायचं.

फुलं दोन्ही शेवटांत तीच आहेत, हे लक्षात ठेवा.

मग तो रडवणारा शेवट आला कुठून?

१९९६ मध्ये या मांगावर टीव्ही ॲनिमे सुरू झाला आणि ९५ भागांनंतर १९९८ मध्ये संपला. अडचण अशी झाली की टीव्ही मांगाच्या पुढे धावायला लागला. क्योटोची प्रसिद्ध लढाई झाली आणि त्यानंतर मांगात नसलेल्या भरतीच्या कथा सुरू झाल्या. मांगाचा शेवटचा आणि सगळ्यात महत्त्वाचा भाग, 'जिंचू', टीव्हीवर आलाच नाही. केनशिनच्या हातून मेलेल्या बायकोचा भाऊ एनिशी सूड घ्यायला येतो, तो हा भाग. फॅन्स वाट बघत राहिले.

तीन वर्षांनी, डिसेंबर २००१ आणि मार्च २००२ मध्ये, 'सेइसोहेन' नावाचे दोन भाग थेट डीव्हीडी आणि कॅसेटवर आले. टीव्हीसाठी नसलेल्या अशा ॲनिमेला ओव्हीए म्हणतात. इंग्रजीत त्याचं नाव 'रिफ्लेक्शन'. ज्या जिंचूसाठी लोक थांबले होते तो यात आठवणींच्या तुकड्यांत उरकला होता आणि त्यापुढे मांगात कुठेच नसलेली गोष्ट जोडली होती.

ती गोष्ट अशी. लग्न होऊन, मुलगा होऊनही केनशिनच्या मनातला अपराधीपणा जात नाही. तो लोकांना मदत करायला पुन्हा भटकू लागतो आणि एका असाध्य रोगाने ग्रासला जातो. काओरू त्याला म्हणते की तुझं दुखणं मलाही वाटून घेऊ दे, आणि तिलाही तो रोग होतो. पुढे चीन-जपान युद्धाच्या वेळी तो पुन्हा समुद्रापार जातो. तिथे खंगलेल्या अवस्थेत तो सानोसुके या जुन्या मित्राला सापडतो आणि मित्र त्याला जहाजात बसवून परत पाठवतो. घराकडे येताना वाटेत काओरू भेटते. पुढचा सीन वर सांगितलाच.

बरं, हे कुणा उपऱ्याने केलेलं काम नव्हतं. दिग्दर्शक काझुहिरो फुरुहाशी, ज्यांनी टीव्ही मालिका केली तेच. केनशिनचा आवाजही तोच, मायो सुझुकाझे यांचा. (हो, केनशिनला एका बाईंनी आवाज दिला आहे. ताकाराझुका या फक्त स्त्रियांच्या नाटक मंडळीत त्या पुरुष भूमिका गाजवायच्या.) त्यामुळे 'यांना केनशिन कळलाच नाही' असं म्हणून हात झटकता येत नाहीत.

'आम्हाला आनंदी शेवटच हवा' एवढंच आहे का?

शेवट न आवडलेल्यांना नेहमी ऐकवलं जातं की तुम्हाला दुःख पचत नाही, तुम्हाला सगळं गोडगोड लागतं. हे काही पटत नाही, आणि त्याचा पुरावा त्याच मालिकेत आहे.

१९९९ मध्ये याच फुरुहाशींनी 'त्सुइओकुहेन' नावाचा चार भागांचा ओव्हीए केला होता. त्यात केनशिनचं तरुणपण आहे. त्याची पहिली बायको तोमोए त्याच्याच तलवारीच्या वाराने बर्फात मरते. गालावरच्या व्रणाची एक रेघ तोमोएच्या होणाऱ्या नवऱ्याने ओढलेली आणि दुसरी स्वतः तोमोएने. यापेक्षा दुःखद काय असणार? तरीही 'त्सुइओकुहेन'वरून फॅन्समध्ये भांडण असं नाहीच, दोन्ही गट त्याला डोक्यावर घेतात. म्हणजे दुःखाशी कुणाचं वैर नाही.

खरा वाद प्रायश्चित्तावर आहे. ज्याने असंख्य माणसं मारली, त्याने त्याची भरपाई कशी करायची?

मांगाचं उत्तर स्वच्छ आहे. केनशिन आपला गुरू हिको सेइजुरोकडे शेवटचा डाव शिकायला जातो, तेव्हा त्याला जी गोष्ट मिळत नसते ती तलवारबाजी नसते, ती असते जगण्याची इच्छा. मी पापी आहे, माझा जीव स्वस्त आहे, असं मानणाऱ्याला तो डाव जमतच नाही. पुढे जिंचूमध्ये काओरू मेली असं समजून तो पूर्ण कोसळतो, हरलेल्या लोकांच्या वस्तीत जाऊन नुसता बसून राहतो. आणि तिथून तो उठतो. कारण आजही कुणीतरी मदतीची वाट बघतंय, हे त्याला दिसतं. थोडक्यात, मरणं सोपं आहे, केलेल्या पापाची फेड जगूनच करायची आहे. काओरूही मेलेली नसते, ते प्रेत म्हणजे हुबेहूब बनवलेला बाहुला असतो. मुलांसाठीच्या मांगाचा शेवट हसरा असावा, असं वात्सुकींचं मत होतं, आणि मृत्यू दारापर्यंत आणून त्यांनी तो परत पाठवला.

आता या सगळ्यानंतर 'सेइसोहेन'चा केनशिन बघा. त्याला काहीच मिळालेलं नाही. तो पुन्हा तिथेच उभा आहे, आपला जीव म्हणजे कर्ज समजून फेडत सुटलाय. २८ खंडांत जे शिकला ते एका झटक्यात पुसलं गेलं. विरोधकांचा राग हा आहे, आणि तो रास्त आहे.

पण दुसऱ्या बाजूकडेही एक ठोस मुद्दा आहे. या कथेत एक समजूत सांगितली आहे की ज्या जखमेत मारलेल्याचा तळतळाट असतो ती भरून येत नाही. केनशिनचा व्रण म्हणूनच आयुष्यभर राहिला. ज्याने इतक्या घरांत रडारड केली, त्याचं लग्न झालं, मूल झालं, तलवार दुसऱ्याला दिली आणि हिशोब पूर्ण, हे या लोकांना फार स्वस्तातलं वाटतं. 'सेइसोहेन'मध्ये तो व्रण जातो, पण मरतानाच. त्यांच्या मते हाच प्रामाणिक शेवट आहे, कारण काही गोष्टींची फेड जिवंतपणी होत नाही.

जपानला हरलेला नायक आवडतो, पण...

या शेवटाची बाजू घेताना 'जपानी परंपरा' नावाचं हत्यार बाहेर काढलं जातं. त्यात तथ्य आहे. जपानीत 'होगान-बिइकी' असा शब्दच आहे, म्हणजे हरणाऱ्याबद्दलची माया. होगान म्हणजे मिनामोतो नो योशित्सुने. भावाला युद्ध जिंकून देणारा आणि नंतर त्याच भावाच्या धाकाने ११८९ मध्ये जीव द्यावा लागलेला योद्धा. मालकाचा सूड घेऊन मग हुकमाने आत्महत्या करणारे ४७ रोनिन तर सगळ्यांना माहीत आहेत. चेरीचं फूल योद्ध्याशी जोडलं गेलं तेही याचसाठी, ऐन बहरात गळून पडतं म्हणून.

पण हे सांगणारे अर्धीच गोष्ट सांगतात. योशित्सुने मेला, हे जपानी लोकांनी तरी कुठे मानलं? तो निसटला, उत्तरेला एझो बेटावर गेला, अशा दंतकथा शतकानुशतकं चालल्या. कुणी तर त्याला थेट मंगोलियात नेऊन चंगीझ खान करून टाकलं. लाडका नायक मेला की त्याच्यासाठी रडायचं आणि त्याच वेळी 'तो मेलाच नाही' म्हणून हटून बसायचं, ही दोन्ही कामं एकच समाज करत आलाय. त्या मानाने केनशिनचे फॅन्स फारच मवाळ म्हणायचे.

आणि योशित्सुने पळून गेला असं सांगितलं जातं ते एझो म्हणजे आजचं होक्काइदो. तेही लक्षात ठेवा.

माझा आक्षेप केनशिनच्या मरण्याला नाहीच

दोन्ही बाजू केनशिनवरूनच हमरीतुमरीवर येतात. पण 'सेइसोहेन'ने सगळ्यात मोठा अन्याय केला तो काओरूवर.

मांगातली काओरू कोण आहे? वडिलांच्या मागे एकटीने तलवारबाजीची शाळा चालवणारी मुलगी. तलवार माणसं जगवण्यासाठी असते, हे तत्त्व तिच्या शाळेचं. खुनी बट्टोसाई म्हणून नव्हे तर आत्ता समोर उभा असलेला माणूस म्हणून केनशिनला घरात घेणारी ती पहिली. केनशिन बदलला तो तिच्या विचाराच्या सावलीत.

'सेइसोहेन'मध्ये तिच्या वाट्याला फक्त वाट बघणं येतं. अंथरुणात पडून ती आठवणी काढते, बंदराकडे जाते, परत येते. तिचं प्रेम सिद्ध करायला तिने नवऱ्याचा रोग अंगावर घ्यायचा. फ्रेम सुंदर आहेत, ताकु इवासाकी यांचं संगीत काळजात घुसतं, म्हणून हे चटकन खुपत नाही. पण जगवणारी तलवार शिकवणाऱ्या बाईला सोबत मरणं हाच प्रेमाचा अर्थ वाटावा? आपल्याकडे नवऱ्यापायी स्वतःला जाळून घेणाऱ्या बायकांचं कौतुक कमी झालेलं नाही, त्यामुळे हा भाग 'किती खरं प्रेम' म्हणून शेअर होताना बघून जास्तच खटकतं.

आणि केंजी? बाप घरात नाही, आई आजारी, पोरगं रागाने धुमसत तलवार शिकायला हिकोकडे गेलेलं. त्याला ताळ्यावर आणतो याहिको. ज्या माणसाने अनाथ झाल्याचं दुःख भोगलं, त्याने जगाला मदत करताना स्वतःच्या मुलाला असं सोडावं, यावर दोन भागांत हवा तेवढा विचार होत नाही. याच प्रश्नावर अख्खा ओव्हीए केला असता तर कदाचित विरोधकांनीही मान्य केलं असतं.

मग खरा शेवट कुठला?

मांगाचा. २०१७ मध्ये वात्सुकींनी स्वतः पुढची कथा सुरू केली. १८८३ सालची, आणि केनशिन, काओरू, केंजी निघतात कुठे, तर होक्काइदोला. हरलेले योद्धे जिथे पळून जाऊन जिवंत राहतात, त्याच बेटावर.

पण 'लेखक म्हणेल तेच खरं' म्हणणाऱ्यांना इथे एक अवघड गोष्ट गिळावी लागते. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये बालकांच्या अश्लील चित्रफिती बाळगल्याबद्दल वात्सुकींवर गुन्हा दाखल झाला. २०१८ मध्ये त्यांना २ लाख येन दंड झाला आणि काही महिन्यांनी मांगा पुन्हा सुरूही झाला. तेव्हापासून बऱ्याच फॅन्सनी लेखकाच्या शब्दाला मान देणंच सोडलंय. प्रायश्चित्तावरची एवढी मोठी कथा लिहिणाऱ्याबद्दल हे वाचावं लागणं विचित्र आहे.

इकडे २०२३ पासून नवा टीव्ही ॲनिमे सगळी गोष्ट पहिल्यापासून सांगतोय, यावेळी मांगाला धरून. ऑक्टोबर २०२४ मध्ये दुसरा सीझन क्योटोच्या भागाने सुरू झाला. हा गाडा असाच पुढे गेला, तर जिंचू पहिल्यांदाच टीव्हीवर पूर्ण दिसेल. त्यात एका भागाच्या शेवटी काओरू भिंतीला टेकून बसलेली दिसेल, छातीत तलवार, गालावर फुली. त्या आठवड्यात फीडवर काय गोंधळ होईल याची कल्पना करा. तो बाहुला आहे हे आता तुम्हाला माहीत आहे. शेजारी बसून बघणाऱ्याला तेवढं सांगू नका.