सुरू न होणाऱ्या सर्व्हरची बाजू

मंडळी, या धंद्यात इतकी वर्षं काढल्यावर माझं एक ठाम मत झालंय. अपग्रेडनंतर डेटाबेस सर्व्हर सुरू व्हायला नकार देतो तेव्हा बहुतेक वेळा सर्व्हर बरोबर असतो, आणि त्याच्याभोवती जमलेली माणसं चुकत असतात. इथे इंग्लंडात हापिसात मी हे बोललो की लोक हसतात. म्हणून आज सर्व्हरचं वकीलपत्र घेऊन जरा सविस्तर लिहितो.

ज्यांचा या प्रकाराशी संबंध नाही त्यांच्यासाठी आधी थोडं. पेढीवर जशा किर्द-खतावणीच्या वह्या आणि त्या सांभाळणारा मुनीम असतो, तसंच हे आहे. वह्या म्हणजे डिस्कवरच्या फायली आणि मुनीम म्हणजे सर्व्हर नावाचा प्रोग्राम. (आमचे काही शुद्धभाषाप्रेमी मित्र याला विदागार म्हणतात. म्हणोत बापडे.) अपग्रेड म्हणजे वह्या त्याच ठेवून मुनीम बदलणे. नवा मुनीम जास्त हुशार आणि चपळ असतो, पण त्याची वही लिहायची पद्धत वेगळी असते. पहिल्या दिवशी तो गादीवर बसतो, वही उघडतो आणि म्हणतो, "मी हात लावणार नाही." सगळा गोंधळ इथून सुरू होतो.

पोस्टग्रेसचं उदाहरण घ्या. त्याच्या डेटाच्या फोल्डरमध्ये पीजी-व्हर्जन नावाची एक चिमुकली फाइल असते आणि तिच्यात फक्त आवृत्तीचा आकडा असतो. वहीच्या पहिल्या पानावर साल घालावं, तसा. फोल्डर तेराव्या आवृत्तीने बनवलेलं असेल आणि पंधरावी आवृत्ती त्यावर बसवली, तर सर्व्हर एका ओळीत तसं स्पष्ट सांगतो आणि बंद होतो. डेटाच्या केसालाही धक्का लागलेला नसतो. एका मोठ्या आवृत्तीतून दुसरीत जायला पीजी-अपग्रेड नावाचं वेगळं अवजार आहे, आणि त्याला जुना आणि नवा असे दोन्ही मुनीम हजर लागतात. जुन्याला आधीच निरोप दिला असेल तर त्याला परत बोलवावं लागतं. काम थोडं वाढतं, पण डेटा शाबूत असतो.

मायएसक्यूएलची तऱ्हा वेगळी. एप्रिल २०१८ मध्ये आठवी आवृत्ती आली तेव्हा तिच्यातून क्वेरी कॅश हा प्रकार काढून टाकला होता. पण जुन्या सर्व्हरांच्या कॉन्फिगरेशन फाइलमध्ये त्याची ओळ कुणीतरी दहा वर्षांपूर्वी लिहून ठेवलेली असते. नवा सर्व्हर ती ओळ वाचतो, "हे व्हेरिएबल मला माहीत नाही" असं लॉगमध्ये लिहितो आणि थांबतो. ५.७ या आवृत्तीची मुदत ऑक्टोबर २०२३ मध्ये संपली, त्यामुळे त्या सुमारास वर्षानुवर्षं चालढकल केलेले अपग्रेड लोकांनी घाईघाईने उरकले. ही एक ओळ किती जणांच्या शनिवार-रविवारच्या आड आली असेल ते तेच जाणोत.

त्यातलाच एक शनिवार मीही पाहिला. गिऱ्हाईक इथलं, अपग्रेड करणारी टीम पुण्यात. इथे हिवाळ्यातले रात्रीचे अकरा म्हणजे तिकडे पहाटेचे साडेचार. सर्व्हर उठेना. कॉलवर दहा-बारा माणसं, त्यातली निम्मी दर पाच मिनिटांनी "आता काय स्थिती?" एवढंच विचारणारी. एका वरिष्ठांनी फर्मान काढलं, "रीडू लॉगच्या फायली उडवा, नव्याने बनतील, पण कसंही करून चालू करा." पुण्याची मुलगी, नोकरीला लागून जेमतेम दोन वर्षं झालेली, शांतपणे म्हणाली, "मला दहा मिनिटं द्या, एरर लॉग वाचते." कॉलवर नाराजीचा सूर उमटला. आठव्या मिनिटाला तिने ती एक ओळ शोधली, कॉन्फिगरेशनमधून काढली आणि सर्व्हर चालू केला.

पुढे त्या वरिष्ठांनी सगळ्यांना आभाराची ईमेल धाडली. त्यात तिचं नाव नव्हतं.

आता ते फर्मान म्हणजे काय होतं ते पहा. रीडू लॉग म्हणजे मुनिमाने कच्च्या चिठ्ठ्यांवर लिहिलेल्या, पण अजून पक्क्या वहीत न उतरवलेल्या नोंदी. सर्व्हर नीट बंद झालेला नसताना त्या चिठ्ठ्या चुलीत घातल्या तर ते व्यवहार गेलेच, शिवाय पक्की वहीही अर्धवट राहते. तसंच इनोडीबीच्या फोर्स रिकव्हरीचं. तिच्या एक ते सहा पायऱ्या आहेत आणि चौथीपासून पुढे डेटा कायमचा बिघडू शकतो असं खुद्द मायएसक्यूएलच्या माहितीपुस्तिकेत बजावलेलं आहे. तरी पहाटे साडेचारला लोक थेट सहाव्या पायरीवर उडी मारतात. कारण सर्व्हर चालू दिसला की कॉल संपतो, आणि बिघडलेला डेटा सापडतो तीन महिन्यांनी, तेव्हा कॉलवर भलतीच माणसं असतात.

माझ्या मते न उठणाऱ्या सर्व्हरपेक्षा गुपचूप उठणारा सर्व्हर जास्त भयंकर. ऑगस्ट २०१८ मध्ये लिनक्सच्या जी-लिबसी या मूळ लायब्ररीची २.२८ वी आवृत्ती आली आणि तिच्यात शब्दांचा क्रम लावायचे नियम बदलले. आपल्याकडे 'क्ष' कुठे शोधायचा यावर मतं आहेत ना, कुणी 'क'मध्ये शोधतो, कुणी 'ळ'च्या पुढे? तसंच. समजा नावांची यादी एका पद्धतीने लावली आणि शोधणारा दुसऱ्या पद्धतीने शोधू लागला, तर क्षीरसागर यादीत असूनही तो सांगणार, "या नावाचं कुणी नाही." ऑपरेटिंग सिस्टिम अपग्रेड केलेल्या अनेक पोस्टग्रेस सर्व्हरांवर हेच झालं. सर्व्हर झकास सुरू झाले आणि इंडेक्स मात्र जुन्या क्रमाचे राहिले. मजकुराचे इंडेक्स नव्याने बांधेपर्यंत असलेली नोंद नाही म्हणून सांगितली जायची, आणि जिथे एकच नोंद हवी तिथे दुसरीही घुसू शकायची. तेव्हा पोस्टग्रेसने नकार दिला असता तर किती बरं झालं असतं.

नकार ऐकायला मात्र कुणीतरी हवं. ३१ जानेवारी २०१७ च्या रात्री गिटलॅब या कंपनीच्या एका अभियंत्याने दुय्यम सर्व्हरचं समजून मुख्य सर्व्हरचं डेटा फोल्डर पुसलं. सुमारे ३०० जीबी. बॅकअप शोधायला गेले तर रोजचा बॅकअप नव्हताच. डेटाबेस ९.६ आवृत्तीचा होता आणि बॅकअप घेणारं अवजार ९.२ चं. ते अवजार आवृत्ती जुळत नाही म्हणून बरोबर नकार देत होतं आणि तशी ईमेलही धाडली जात होती. पण ती ईमेल कुणापर्यंत पोचतच नव्हती. सुदैवाने सहा तासांपूर्वीची एक प्रत निघाली, म्हणून फक्त सहा तासांचा डेटा गेला. कंपनीने सगळं जाहीरपणे लिहिलं आणि त्या अभियंत्याला बळीचा बकरा केलं नाही, हे मला फार आवडलं.

सिंहगडावर सूर्याजीने दोर कापले ती गोष्ट आपण लहानपणापासून ऐकतो. लढाईत ठीक आहे, अपग्रेडमध्ये दोर कापणाऱ्याला आधी घरी पाठवावं. मायएसक्यूएल ८.० वरून ५.७ वर उतरायला अधिकृत वाट नाही. पीजी-अपग्रेड लिंक पद्धतीने चालवलं तर वेळ वाचतो, पण नवा सर्व्हर एकदा सुरू झाला की जुनं फोल्डर वापरता येत नाही. तेव्हा दोर म्हणजे बॅकअप, आणि तोही आधी दुसऱ्या मशीनवर उतरवून पाहिलेला. अपग्रेडची रंगीत तालीम खऱ्या डेटाच्या प्रतीवर करावी. मायएसक्यूएल शेलमध्ये अपग्रेडपूर्व तपासणीची सोय आहे, ती वापरावी. आणि अमुक वाजेपर्यंत जमलं नाही तर मागे फिरायचं, हे दिवसाउजेडी, डोकं थंड असताना ठरवून कागदावर लिहावं.

हे सगळं अवघड नाही. अवघड आहे ते पहाटे साडेचारला, दुसऱ्या देशातल्या साहेबांसमोर, "थांबा, मी आधी वाचते" असं म्हणणं. आपल्याकडच्या मुलांना "हो सर, लगेच करतो" शिकवायला कुणी कमी करत नाही. पण ज्या डेटाबेसमध्ये कुणाचं पेन्शन आणि कुणाच्या औषधाची नोंद आहे, तिथे नको त्या वेळचं "हो सर" फार महागात पडतं. तुमच्या घरातलं कुणी रात्रपाळीला अशा कॉलवर बसत असेल तर त्याला एवढं जरूर सांगा, की सर्व्हर नाही म्हणत असेल तर तो का म्हणतोय ते आधी वाच. आणि माझ्यासारखे जे इकडच्या बाजूने त्याच कॉलवर असतात, त्यांचं काम आणखी सोपं आहे. त्या दहा मिनिटांत गप्प बसायचं आणि बाकीच्यांना गप्प बसवायचं.

असो. वकिली संपली.