मोफत उपचाराची किंमत

‘सरकारी दवाखाना मोफत आहे, तरी हे लोक उशिरा येतात, औषध अर्धवट सोडतात, ताविजामागे धावतात.’ मुस्लीम मोहल्ल्यांबद्दलचे हे वाक्य आता आपल्यातले शिकलेलेही बोलू लागले आहेत. मला ते मान्य नाही.

मालेगावचा यंत्रमाग कामगार घ्या. पाळी बारा तासांची, मजुरी विणलेल्या कापडावर. माग सोडला की मजुरी बुडाली. सुट्टी शुक्रवारची. सरकारी रुग्णालयांची मुख्य ओपीडी सकाळची. खोकला हटत नाही म्हणून तो गेला, तर एका जुम्म्याला केसपेपर आणि तपासणी, पुढच्या जुम्म्याला रिपोर्ट. मधे जायचे तर रोज बुडवायचा. मग तो रात्री गल्लीतल्या डॉक्टरकडे जातो, पैसे मोजून सुई घेतो आणि सकाळी मागावर उभा राहतो. क्षयरोगाला एवढा उशीर पुरतो. त्याचे औषध तर किमान सहा महिने चालते.

15 ऑगस्ट 2023 पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत उपचार निःशुल्क झाले. चांगलेच झाले. पण केसपेपरचे पैसे माफ झाले, बुडालेला रोज नाही. माझ्यासारख्या शिक्षकाला आजारपणाची रजा मिळते, पगार चालू राहतो. रांग एकच, पण तिच्यात उभे राहण्याची किंमत दोघांना वेगळी. याला अडाणीपणा म्हणायचे की विषमता?

मुस्लीम कामगार मोठ्या प्रमाणात असंघटित क्षेत्रात आहे, हे सच्चर समितीने 2006 मध्येच सांगितले. इचलकरंजीचा माग कामगार आणि बीडचा ऊसतोड मजूर यांचेही दुखणे हेच. दोष धर्माचा नाही, बिनरजेच्या रोजगाराचा आहे.

मुंबईत ‘आपला दवाखाना’ रात्री दहापर्यंत चालवता येतो. मग मागांच्या प्रत्येक शहरात, कामगारांच्या वस्तीतच, तपासणी आणि औषधासह रात्रीची ओपीडी का नको?

थोडे आपल्यालाही विचारू. रमजानमध्ये आपण खासगी रुग्णालयांच्या बिलांसाठी जकात देतो, रुग्णवाहिका घेतो. ही नेकीच आहे. पण ओपीडीच्या वेळेसाठी निवेदन घेऊन आपल्यापैकी किती जण गेले? मालेगावात मागांचे मालकही बहुतेक आपलेच. आजारी कामगाराला दवाखान्यासाठी अर्धा दिवस भरपगारी द्यायला त्यांना कोणत्या सरकारी आदेशाची गरज आहे?