सिगारेट सोडवणारा नंबर पाकिटावर आहे. सुटी घेणाऱ्यांना तो दिसणार कसा?

सिगारेटच्या पाकिटावर धोक्याच्या चित्रासोबत १८००-११-२३५६ हा नंबर असतो. तंबाखू सोडू पाहणाऱ्यांसाठी केंद्र सरकारची ही मोफत हेल्पलाइन आहे आणि सप्टेंबर २०१८ पासून नंबर छापणं कंपन्यांना बंधनकारक आहे. पण टपरीवर चहासोबत एक सुटी सिगारेट घेणाऱ्याच्या हातात पाकीट येतच नाही. नंबर टपरीवाल्याकडेच राहतो.

याच कारणाने महाराष्ट्राने सप्टेंबर २०२० मध्ये सुट्या सिगारेट-विडीच्या विक्रीवर बंदी घातली. ती किती पाळली जाते, हे कुठल्याही टपरीवर पाच मिनिटं उभं राहिलं तरी कळतं.

लोकांना सोडायचं नसतं, असं नाही. २०१६-१७ च्या 'गॅट्स' पाहणीत धूम्रपान करणाऱ्या सुमारे ५५ टक्के भारतीयांनी सोडण्याचा विचार असल्याचं सांगितलं होतं. अडचण पुढे येते. चिडचिड, उडालेली झोप, कामात न लागणारं लक्ष या त्रासाचा जोर पहिल्या दोन-तीन दिवसांत सर्वाधिक असतो. 'एकच ओढतो' हे तेव्हाच घडतं आणि घरचे म्हणतात, मनाचा कच्चा आहे. खरं तर निकोटीनची सवय मेंदूला लागलेली असते. नुसत्या निर्धारावर ती सुटतेच असं नाही.

हेल्पलाइनवरचे समुपदेशक किती आणि कधी ओढता हे विचारून सोडण्याची तारीख ठरवून घेतात. नंतर ठरावीक दिवसांनी त्यांच्याकडूनच फोन येतात. महाराष्ट्रात ओढणाऱ्यांपेक्षा तंबाखू खाणारे कितीतरी जास्त आहेत. त्यांच्यासाठीही हाच नंबर आहे.

समुपदेशनाला औषधांची जोड मिळाली तर यशाची शक्यता वाढते, असं जागतिक आरोग्य संघटनेने जुलै २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांत म्हटलं आहे. व्हॅरेनिक्लिन आणि बुप्रोपिऑन या गोळ्या डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्यायच्या. फिट्स येणाऱ्यांना बुप्रोपिऑन चालत नाही.

निकोटीन गम अनेकांना माहीत असतो, पण तो साध्या च्युइंगगमसारखा सतत चघळला जातो. तो हळूहळू चावायचा, चुणचुण जाणवली की गाल आणि हिरडीच्या मध्ये ठेवायचा, चुणचुण थांबली की पुन्हा चावायचा. गम घेण्याआधी पंधरा मिनिटं आणि तो तोंडात असताना चहा-कॉफी नको, नाहीतर निकोटीन नीट शोषलं जात नाही. चहाच्या घोटाबरोबर गम चघळणारे मग 'याचा काही उपयोग नाही' म्हणतात आणि पुन्हा टपरीकडे वळतात.